रोल्स-रॉइस

रोल्स-रॉइस : आलिशान मोटारगाड्या तयार करणारी जगप्रसिद्ध ब्रिटिश संस्था व तिच्या मोटारगाड्यांचे नाव. चार्ल्स स्ट्यूअर्ट रोल्स आणि फ्रेडरिक हेन्री रॉइस यांच्यात १९०४ मध्ये झालेल्या करारातून हे नाव अस्तित्वात आले आणि १५ मार्च १९०६ रोजी ‘रोल्स-रॉइस लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. पुढे कंपनीने विमानांची एंजिनेही तयार केली व त्या क्षेत्रातही अग्रस्थान मिळविले. तथापि सर्वसामान्यांच्या मनात हे नाव निगडित राहिले, ते मोटारगाडीशीच. एखाद्या वस्तूचा सर्वोत्कृष्ट नमुना दाखवावयाचा असेल, तर त्या प्रकारातील ‘रोल्स-रॉइस’ असा तिचा उल्लेख करण्याचा प्रघात इंग्रजी भाषेत पडला. या कीर्तीचा पाया कारागिरीचा होता. परंतु कालांतराने हे नाव आणि ज्या कारखान्यात त्या गाड्या घडत तो कारखाना यांचा संबंध इतका सैल झाला, की १९९८ मध्ये कारखाना एका कंपनीकडे व नाव दुसऱ्या कंपनीकडे गेले. म्हणूनच या संस्थेचा इतिहास हा एका नावलौकिकाचा इतिहास आहे. तो लौकिक कसा मिळविला गेला, कसा राखला गेला आणि शेवटी त्याची किंमत कशी ठरली, हे त्यातून पाहावयास मिळते.

संस्थापक : हेन्री रॉइस (२७ मार्च १८६३–२२ एप्रिल १९३३) यांचा जन्म इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या ऑलवॉल्टन या खेड्यात झाला. वडिलांचा पिठाच्या गिरणीचा धंदा बुडाला व रॉइस नऊ वर्षांचे असतानाच वडील वारले. वर्तमानपत्रे विकणे, तारा पोहोचविणे अशी कामे त्यांना लहानपणीच करावी लागली. एका मावशीच्या आर्थिक साहाय्यामुळे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या पीटरबरो येथील कारखान्यात त्यांनी उमेदवारी पत्करली. पण पैसा संपल्यामुळे तीही अर्धवट सोडावी लागली. नंतर लंडन व लिव्हरपूल येथे विजेच्या दिव्यांच्या क्षेत्रात काही काळ काम करून १८८४ मध्ये त्यांनी अर्नेस्ट क्लेअरमाँट यांच्या भागीदारीत मँचेस्टरमधील कुक स्ट्रीट येथे स्वतःचा छोटा कारखाना काढला. त्यात प्रथम विजेच्या घंटा व तत्सम किरकोळ सामान आणि पुढे जनित्रे व विजेवर चालणाऱ्या याऱ्या तयार होत. टिकाऊपणाबद्दल या यंत्रांची ख्याती होती.

चार्ल्स रोल्स (२७ ऑगस्ट १८७७–१२ जुलै १९१०) यांची परिस्थिती याच्या अगदी उलट होती. ते लॉर्ड लँगॅटक यांचे तिसरे पुत्र. शिक्षण ईटन व केंब्रिज येथे. विद्यार्थिदशेतच त्यांनी पॅरिसहून प्यूजो गाडी विकत आणली होती. सायकली, मोटारी, बलून व विमाने या सर्वच नव्या वाहनांचा त्यांना नाद होता. १९०२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये परदेशी मोटारगाड्या विकण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यात त्यांना ऑटोमोबाइल क्लब या संस्थेचे माजी सचिव क्लॉड जॉन्सन हे सहकारी लाभले. उत्तम म्हणून विकता येईल अशी गाडी इंग्लंडमध्ये तयार होत नाही आणि आपल्याला फ्रान्स व बेल्जियम येथील माल विकावा लागतो, ही खंत रोल्स यांना होती.

कंपनीची स्थापना : रॉइस यांनी सु. १९०३ मध्ये डेकॉव्हिल ही वापरलेली फ्रेंच गाडी विकत घेतली. तिचे दोष त्यांना खटकले. नवी कल्पना लढविण्याऐवजी त्यांनी त्या गाडीचा एकेक भाग तपासला व तो अधिक चांगला कसा करता येईल, याचा विचार केला. त्यातून दोन सिलिंडरांची १० अश्वशक्तीची गाडी तयार झाली. १ एप्रिल १९०४ रोजी ती प्रथम रस्त्यावर आली. तिच्यात अपूर्व असे काही नव्हते. पण तिचे एंजिन त्या काळच्या मानाने विलक्षण शांत व सुरळीत चाले. उभयतांचे परिचित हेन्री एडमंड्‌स यांनी पुढाकार घेऊन ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात रोल्स व रॉइस यांची भेट घडवून आणली. गाडी पाहून रोल्स यांचे समाधान झाले. रॉइस यांनी तयार केलेल्या सर्व गाड्या रोल्स यांनी विकावयाच्या व त्यांना दोघांचेही नाव द्यावयाचे, असा करार त्याच वर्षी २३ डिसेंबरला झाला. १९०६ मध्ये मॅन बेटावरील ‘टुरिस्ट ट्रॉफी’ शर्यत रोल्स यांनी २० अश्वशक्तीच्या रोल्स-रॉइस गाडीतून जिंकली. त्यामुळे नव्या नावाचा सर्वत्र बोलबाला झाला.

या दोघांइतकेच महत्त्व क्लॉड जॉन्सन (मृ. १९२६) यांना आहे. रोल्स-रॉइस या नावातील जोडरेघ म्हणजे आपण, असे ते विनोदाने म्हणत. रॉइस यांची गाडी उत्तम होती. परंतु ती उत्तम आहे हे जगाला पटवून देण्याचे कार्य जॉन्सन यांनी केले. १९०८ च्या सुमारास बाकीच्या सर्व प्रकारच्या गाड्या बंद करून केवळ एकाच गाडीवर लक्ष केंद्रित करण्याचे धोरणही त्यांच्याच आग्रहामुळे स्वीकारण्यात आले.

सिल्व्हर घोस्ट : ही गाडी म्हणजे ४०/५० अश्वशक्तीची, सहा सिलिंडरांची व ७,०३६ घ. सेंमी. क्षमतेच्या एंजिनाची मोटार. लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात ती १९०६ च्या अखेरीस प्रथम मांडण्यात आली. त्या काळच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनांतील लांब दांडा कंप पावून मोडत असे. रॉइस यांनी हा दांडा जाड केला, त्याला सात धारव्यांचा आधार दिला व दाबाखाली तेल पुरविण्याची व्यवस्था केली. त्यामुळे कंप जवळजवळ नाहीसा झाला. यांपैकी एका गाडीला जॉन्सन यांनी चंदेरी रंग व चांदीचा मुलामा दिलेले भाग बसवून ‘सिल्व्हर घोस्ट’ (रुपेरी भूत) असे नाव दिले. आवाज न करता येणारी व जाणारी गाडी, असा त्या नावातील आशय होता. पुढे हे नाव या प्रकारच्या सर्वच गाड्यांना रूढ झाले.

१९०७ मध्ये या गाडीची कसोटी जाहीर रीत्या घेण्यात आली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली ती लंडन व ग्लासगो यांदरम्यान पुनःपुन्हा चालविण्यात आली. सु. १,००० किमी. अंतर कापल्यावर इंधनाची तोटी हादऱ्याने बंद झाली व एंजिन थांबले. त्यानंतर मात्र १४,३७१ मैल (सु. २३,१०० किमी.) अंतर यांत्रिक बिघाडामुळे एकदाही न थांबता पुरे करण्यात आले. नंतर गाडी पूर्ण सुटी करून तिचे भाग मोजण्यात आले. ती नव्यासारखी करण्यासाठी लागलेल्या सुट्या भागांची किंमत केवळ २ पौंड, २ शिलिंग व ७ पेन्स एवढीच भरली. मोटार वाटेत बंद पडणे ही नित्याची बाब असलेल्या त्या काळात ही आकडेवारी कोणत्याही जाहिरातीपेक्षा परिणामकारक ठरली. ‘जगातील सर्वोत्तम मोटारगाडी’ हे वर्णन याच सुमारास रूढ झाले व कंपनीने ते आपल्या जाहिरातींत कायमचे स्वीकारले.

वाढत्या मागणीमुळे ९ जुलै १९०८ रोजी डार्बी येथे नवा कारखाना सुरू झाला. सिल्व्हर घोस्टचे उत्पादन १९२६ पर्यंत चालू राहिले. या काळात सु. ७,९०० गाड्या तयार झाल्या, त्यांपैकी सु. १,७०० अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्‌स) येथील कारखान्यात तयार झाल्या. हा अमेरिकी कारखाना १९२१ ते १९३१ असा दहा वर्षे चालला.

रॉइस यांची कार्यपद्धती : रोल्स यांचे लक्ष लवकरच विमानविद्येकडे वळले. जून १९१० मध्ये त्यांनी इंग्लिश खाडी न थांबता दोन्ही दिशांनी ओलांडली. परंतु पुढच्याच महिन्यात बोर्नमथ येथे विमान कोसळून वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर थोड्याच काळात रॉइस गंभीर आजारी पडले. अतिश्रम व आहाराची हेळसांड यांमुळे त्यांची प्रकृती कायमची ढासळली. जॉन्सन यांनी त्यांना डार्बीपासून दूर ठेवले. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधील ल कॅनडेल येथे व एरवी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, शेवटची बरीच वर्षे वेस्ट विटरिंग या गावी, रॉइस राहत. तेथूनच ते आरेखने तपासत व तपशीलवार सूचना पाठवीत. आरेखक त्यांच्याकडे जाऊन राहत. कारखान्यापासून दूर राहूनही त्यांनी सु. वीस वर्षे कारखान्यावर हुकमत गाजविली. १९३० मध्ये त्यांना ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला.

नवीन शोध लावण्यापेक्षा माहीत असलेली गोष्ट निर्दोष करण्याकडे रॉइस यांचा कल होता. १९१२ मध्ये आल्प्स पर्वतातील कसोटी शर्यतीत एका खाजगी मालकाची सिल्व्हर घोस्ट ऑस्ट्रियातील काट्शबर्ग घाटात अडली. कंपनीने ही नामुष्की झाकून न ठेवता गिअरांची रचना बदलली, एंजिन सुधारले आणि पुढच्याच वर्षी त्याच शर्यतीत आपल्या गाड्या उतरवून मोठे यश संपादन केले. दुसऱ्यांचे चांगले काम स्वीकारण्यातही कंपनीने पुढे कमीपणा मानला नाही. १९५२ पासून वापरलेली स्वयंचलित गिअरपेटी ही अमेरिकेतील जनरल मोटर्सची होती, तर १९६५ च्या सिल्व्हर शॅडो गाडीतील पातळी आपोआप सांभाळणारी द्रवचलित यंत्रणा फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीच्या परवान्याने घेतलेली होती. परकी कल्पना घेऊन ती डार्बी वा क्रू येथील कसोटीला उतरेपर्यंत घासूनपुसून वापरणे, ही या संस्थेची परंपराच होती.

बाह्यरूप व बोधचिन्ह : दुसऱ्या महायुद्धापूर्वी कंपनी फक्त सांगाडा, एंजिन व रेडिएटर एवढेच विकत असे. बॉडी ग्राहकाच्या इच्छेनुसार बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मॅबर्ली यांसारखे बग्गी बांधणारे जुने कारागीर बांधून देत. त्यामुळे एकासारखी एक अशा दोन गाड्या क्वचितच आढळत. सर्वांना समान असे ते ग्रीक देवळाच्या दर्शनी भागाची आठवण करून देणारे रेडिएटर आणि १९११ मध्ये चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडविलेली ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ ही पुतळी. पुढे झुकलेल्या व वाऱ्यावर वस्त्र उडणाऱ्या या स्त्रीमूर्तीसाठी एलिनॉर थॉर्न्टन यांचा नमुना घेतला होता, असे मानले जाते. १९१५ च्या अखेरीस हिंदुस्थानकडे येत असताना ‘पर्शिया’ ही बोट भूमध्य समुद्रात पाणतीराने बुडाली, त्या दुर्घटनेत त्यांचा अंत झाला.

युद्धकाळ व विमान-एंजिने : पहिल्या महायुद्धात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर चिलखती गाड्या बांधण्यात आल्या. अरबस्तानच्या वाळवंटात टी. ई. लॉरेन्स यांनी त्यांचा उपयोग केला. याच काळात रॉइस यांनी ‘ईगल’ हे विमान-एंजिन तयार केले. जून १९१९ मध्ये ऑल्कॉक व ब्राउन यांनी अटलांटिक महासागर विमानाने प्रथमच न थांबता ओलांडला, तो दोन ईगल एंजिनांच्या बळावर. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर व हरिकेन या लढाऊ विमानांतील ‘मर्लिन’ एंजिनामुळे कंपनीचे नाव ब्रिटनच्या संरक्षणाशी जोडले गेले. ब्रिटन व अमेरिका मिळून अशी दीड लाखाच्या आसपास एंजिने तयार झाली. मर्लिनसाठीच उभारलेल्या क्रू येथील कारखान्यात १९४६ पासून मोटारगाड्या तयार होऊ लागल्या.

दोन युद्धांच्या दरम्यान फँटम या मालिकेतील गाड्या (१९२५, १९२९ व १९३६) निघाल्या. १९३१ मध्ये बेंटली ही आर्थिक अडचणीत सापडलेली प्रतिस्पर्धी कंपनी रोल्स-रॉइसने विकत घेतली. १९५० मध्ये फँटम ४ ही गाडी तत्कालीन राजकन्या एलिझाबेथ यांना देण्यात आली. तोपर्यंत ब्रिटिश राजघराण्याची पसंती डेमलर गाड्यांना होती. हा मान रोल्स-रॉइसकडे आल्याने तिच्या प्रतिष्ठेत भर पडली. या प्रकारच्या केवळ १८ गाड्या तयार करण्यात आल्या व राजघराणी आणि राष्ट्रप्रमुख यांनाच त्या मिळाल्या. १९६५ पासूनची सिल्व्हर शॅडो मात्र स्वतंत्र सांगाडा नसलेली व कारखान्यातच संपूर्ण तयार होणारी गाडी होती. बेंटली नावाने विकलेल्या गाड्या धरून तिचे उत्पादन सु. ३०,००० पर्यंत गेले. सरदार-दरकदारांची गाडी आता उद्योगपती, नट व गायक यांच्याही दारी दिसू लागली.

आख्यायिका : या गाडीभोवती अनेक कथा निर्माण झाल्या. परदेशात बिघडलेली गाडी कंपनीने माणूस पाठवून दुरुस्त केली व नंतर अशी गाडी बिघडल्याची नोंदच आपल्याकडे नसल्याचे कळविले, ही कथा निरनिराळ्या स्थळांच्या नावे सांगितली जाते. रेडिएटरवरील ‘आर आर’ ही लाल अक्षरे १९३३ मध्ये काळी झाली, ती रॉइस यांच्या निधनाच्या दुखवट्यामुळे, असा समज आहे. वस्तुतः हा निर्णय त्यांच्या हयातीतच झाला होता. लाल रंग गाडीच्या इतर रंगांशी विजोड दिसतो, हे त्याचे कारण. एंजिनाची अश्वशक्ती कंपनी अनेक वर्षे जाहीर करीत नसे व विचारणाऱ्यास ‘पुरेशी’ एवढेच उत्तर मिळे. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्वी यांनी अमेरिकेत केलेल्या प्रसिद्ध जाहिरातीत वेगाने धावणाऱ्या गाडीत सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा असतो, असे सांगितले होते. या कथांतील खरेखोटे काहीही असो, त्या रचल्या जाव्यात व त्यांवर लोकांचा विश्वास बसावा, यातच नावाचे सामर्थ्य दिसून येते.

भारतातील रोल्स-रॉइस : भारताशी या गाडीचा संबंध तिच्या प्रारंभकाळापासूनचा आहे. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशा सु. १,००० किमी.च्या कसोटी प्रवासात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ (पूर्वेचा मोती) या नावाची सिल्व्हर घोस्ट उतरली होती. सह्याद्रीच्या घाटांतून निर्वेधपणे जाऊन आलेली ही गाडी नंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. त्यानंतर संस्थानिकांत या गाडीची मागणी झपाट्याने वाढली. हैदराबादच्या निजामासाठी मिरवणुकीची पिवळी सिल्व्हर घोस्ट बांधण्यात आली. तिच्या मागील भागात सिंहासनासारखे उंच आसन होते. कोट्याचे महाराव उमेदसिंह यांची १९२५ ची फँटम वाघाच्या शिकारीसाठी मोठ्या झोतदिव्यांनी व बंदुकांनी सज्ज होती. राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ ची ‘स्टार ऑफ इंडिया’ ही केशरी छटेची गाडी पुढे परदेशी गेली व अनेक वर्षांनी त्याच घराण्याकडे परत आली.

लंडनच्या दुकानात अपमान झाल्यामुळे एका संस्थानिकाने रोल्स-रॉइस गाड्या विकत घेऊन त्या शहराचा कचरा उचलण्यास लावल्या, ही कथा भारतात अतिशय लोकप्रिय आहे. ती अलवरच्या महाराजांविषयी सर्वाधिक सांगितली जात असली, तरी इतर संस्थानिकांच्या नावेही तीच सांगितली जाते व तिला विश्वसनीय पुरावा आढळत नाही. परंतु या कथेमागील भावना समजण्यासारखी आहे. प्रत्यक्षात परकीय सत्तेचे मांडलिक असलेल्या राजांच्या हाती जेत्यांच्या अभिमानाची वस्तू होती आणि तिची विटंबना हा जेत्यांना दिलेला काल्पनिक जबाब होता. या वैभवाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. या गाड्यांची किंमत शेवटी संस्थानांच्या महसुलातून, म्हणजे बहुतांशी शेतकऱ्यांच्या साऱ्यातून दिली जाई. संस्थानांचे विलीनीकरण व डिसेंबर १९७१ मध्ये झालेली तनख्यांची समाप्ती यांमुळे या गाड्या सांभाळणे अनेक घराण्यांना अवघड झाले. काही परदेशी गेल्या, काही संग्राहकांच्या हाती आल्या. पुढे १९८० नंतरच्या दशकात, पुण्यातील आश्रम सोडून अमेरिकेतील ऑरेगन राज्यात वसाहत केलेले आचार्य रजनीश यांच्या ९३ रोल्स-रॉइस गाड्या हा जगभर चर्चेचा विषय झाला. विरक्तीशी परंपरेने जोडलेल्या गुरुपदाच्या शेजारी हीच गाडी उभी राहिल्याने टीकाकार व अनुयायी या दोघांनाही तिचा प्रतीक म्हणून उपयोग झाला.

दिवाळखोरी व विभाजन : कंपनीवरील संकट मोटारगाड्यांमुळे आले नाही. १९६८ मध्ये अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीच्या ‘ट्रायस्टार’ या प्रवासी विमानासाठी ‘आरबी-२११’ हे नवे जेट एंजिन ठराविक किमतीत पुरविण्याचा करार कंपनीने केला. त्यातील पंख्याची पाती कार्बन तंतुयुक्त हलक्या द्रव्याची करण्याची योजना होती. पण पक्षी आदळण्याच्या कसोटीत ती टिकली नाहीत व टिटॅनियम धातू वापरावा लागला. विकासाचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पलीकडे गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीने दिवाळे काढले. ही वार्ता ब्रिटिश जनतेला धक्कादायक होती. एडवर्ड हीथ यांचे हुजूर पक्षाचे सरकार खाजगी उद्योगांचे पुरस्कर्ते होते. तरीही संरक्षण व विमानवाहतूक यांची गरज लक्षात घेऊन त्यांनी विमान-एंजिनांचा व्यवसाय सरकारच्या ताब्यात घेतला. त्याचे पुन्हा खाजगीकरण १९८७ मध्ये झाले. ज्या एंजिनाने कंपनी बुडाली, तेच पुढे यशस्वी ठरले व त्यातूनच ‘ट्रेंट’ ही एंजिनांची मालिका विकसित झाली.

नफ्यात असलेला मोटारगाड्यांचा विभाग १९७३ मध्ये वेगळा करून त्याचे भाग विकण्यात आले. १९८० मध्ये तो व्हिकर्स कंपनीकडे आला. मात्र नावाच्या व ‘आर आर’ या चिन्हाच्या वापरावरील अंतिम हक्क विमान-एंजिनांच्या कंपनीकडेच राहिला. १९९८ मध्ये व्हिकर्सने मोटार कंपनी विकावयास काढली, तेव्हा या तरतुदीचे महत्त्व कळून आले. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीची ३४ कोटी पौंडांची बोली मागे टाकून फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंडांना क्रूचा कारखाना, बेंटली हे नाव, रेडिएटरचा आकार व पुतळी यांचे हक्क मिळविले. परंतु ‘रोल्स-रॉइस’ हे नाव वापरण्याचा परवाना एंजिन कंपनीने बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांना दिला. एकाकडे नाव नसलेला कारखाना व दुसऱ्याकडे कारखाना नसलेले नाव, अशी विचित्र अवस्था निर्माण झाली. अखेर तडजोड होऊन २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगनने क्रू येथे रोल्स-रॉइस गाड्या बनवाव्यात व त्यानंतर हे नाव बीएमडब्ल्यूकडे जावे, असे ठरले. १९०७ ची कसोटी पार पाडणारी मूळ सिल्व्हर घोस्ट या व्यवहारात क्रूबरोबर बेंटलीकडे गेली.

नवा कालखंड : बीएमडब्ल्यूने इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यातील गुडवुड येथे, रॉइस यांच्या वेस्ट विटरिंगपासून जवळच, नवा कारखाना बांधला. निकोलस ग्रिमशॉ हे त्याचे वास्तुशिल्पज्ञ. १ जानेवारी २००३ रोजी तेथील पहिली फँटम ग्राहकाच्या हाती देण्यात आली. एंजिने प्रारंभी जर्मनीत तयार होत. लाकूडकाम, कातडीकाम, रंगकाम व अंतिम जुळणी गुडवुड येथे होते. त्यानंतर घोस्ट, रेथ, डॉन व कलिनन (२०१८) या गाड्या बाजारात आल्या. २०२२ मध्ये कंपनीच्या इतिहासात प्रथमच वार्षिक विक्री ६,००० वर गेली. २०२३ मध्ये ‘स्पेक्टर’ ही केवळ विजेवर चालणारी गाडी ग्राहकांना मिळू लागली.

मूल्यमापन : रोल्स-रॉइसचे आज तीन वारसदार आहेत. डार्बी येथील विमान-एंजिनांची कंपनी मूळ नावाची मालक आहे. क्रूच्या कारखान्यात जुनी कारागिरी बेंटली या नावाखाली चालू राहिली. गुडवुडच्या कारखान्यात परवान्याने मिळालेल्या नावाच्या गाड्या तयार होतात. यांपैकी खरा वारस कोणता, याविषयी जाणकारांत मतभेद संभवतात. इतिहासावरून एवढे म्हणता येते, की नाव विकत घेणाऱ्याला त्या नावाच्या जुन्या कसोटीचे ओझेही उचलावे लागते. बीएमडब्ल्यूने केवळ नावावर विसंबून न राहता नवा कारखाना व नवी गाडी उभी केली, म्हणूनच ते नाव टिकले. स्पेक्टरच्या रूपाने एक वर्तुळही पुरे झाले आहे. रॉइस यांनी आरंभ केला, तो विजेच्या यंत्रांपासून आणि विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या शांत चालीची प्रशंसा रोल्स यांनी १९०० मध्येच केली होती. त्या काळी विद्युत भारणाची सोय नसल्याने ती गाडी मागे पडली. पेट्रोलच्या एंजिनातून तीच शांतता मिळविण्यासाठी रॉइस यांनी आयुष्य वेचले आणि रोल्स-रॉइसच्या कीर्तीचा उगमही त्या शांततेतच आहे.